नुसती घडणावळ

आमच्या गावात वाढदिवस नव्हते. पाचवी होती, बारसं होतं, जावळ होतं. पण दरसाल एका ठरावीक तारखेला माणसाचं कौतुक करायचं, ही रीत नव्हती. मुळात तारीखच कुणाला ठाऊक नसायची. आजीला विचारलं की ती सांगायची, "तुझी थोरली आत्या मानमोडीच्या दुसऱ्या साली झाली. तुझा बाप बाजरी खळ्यात आली तव्हा." मानमोडी म्हणजे १९१८ सालची तापाची साथ. आजीचं सगळं पंचांग असं होतं. साथ, पूर, टोळधाड, नाहीतर खळं.

शाळेत नाव घालायची वेळ आली की मास्तर पोराला डोक्यावरून हात घेऊन उलट्या बाजूचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं शाळेच्या वयाचं. मग रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हायचे. मी पुढे तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. जुन्या जनरल रजिस्टरची पानं उलटली की १ जून, १ जून, १ जून. अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं. माझीही तारीख तीच.

एक दिवस मात्र आमच्याकडे मोजला जायचा, तो म्हणजे पोराला वर्ष भरण्याचा. त्याला वाढदिवस म्हणत नसत, "वरीस" म्हणत. "पोराचं वरीस केलं का?" असं बाया एकमेकींना विचारायच्या. पुढच्या वर्षांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं, पण पहिलं वर्ष करायचंच. त्याचं कारण साधं होतं. आजीला नऊ मुलं झाली, त्यातली चार वर्षाच्या आत गेली. ही काही एकट्या आजीची कहाणी नव्हे. १९७१ साली, म्हणजे स्वातंत्र्य मिळून चोवीस वर्षं झाल्यावरही, देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ पहिलं वर्ष पुरं करत नव्हती. तेव्हा वर्षाचं पोर हे घराने काळाच्या हातून सोडवून आणलेलं पोर असायचं. त्या दिवशी त्याच्या अंगावर दागिना घालायचा. आजोळहून मामा चांदीचे वाळे, मनगट्या आणि कमरेचा करदोटा घेऊन यायचा. ऐपत नसेल तर एकटा करदोटा. त्याहून ऐपत नसेल तर काळा दोरा. पण त्या दोऱ्यातसुद्धा एखादा मणी हवाच.

वाढदिवसाला हिंदीत वर्षगाठ म्हणतात आणि उर्दूत सालगिरह. गिरह म्हणजेही गाठच. मोगलांच्या जनानखान्यात प्रत्येक राजपुत्राच्या नावाचा एक रेशमी दोरा ठेवलेला असे आणि दरसाल त्याला एक गाठ मारत. बादशहाची वाढदिवसाला तुला व्हायची. जहांगीरच्या दरबारात आलेला इंग्रजांचा वकील टॉमस रो याने ती डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली आहे. तुलेचं सोनंनाणं वाटलं जायचं आणि संपायचं. दोरा मात्र जपून ठेवला जायचा. बादशहाच्या घरीसुद्धा वय मोजायला दोराच लागत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

आमचं गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, शेवगाव आणि पाथर्डीच्या मधे. जमीन काळी, पण पाऊस बेभरवशाचा. गावात सोनाराचं एकच घर. सोनारदादा ओट्यावर शेगडी मांडून बसायचे. तोंडात फुंकणी, पुढ्यात ऐरण, बाजूला लाकडी डबीत तराजू आणि गुंजा. लाल गुंज, तिच्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. मी आणि माझ्या मैत्रिणी त्या गुंजांवर टपलेल्या असायचो. ते ओरडायचे, "पोरींनो, ती खेळायची चीज नव्हं. आतला गर पोटात गेला तर गाडग्यातच जाशीला." गुंज विषारी असते, हे मला पुस्तकाच्या आधी त्यांनी शिकवलं.

त्यांच्या तोंडचा मी शिकलेला दुसरा शब्द म्हणजे घडणावळ. दागिना करायला टाकला की दोन हिशेब व्हायचे. धातूचा एक आणि हाताचा दुसरा. हाताची ती घडणावळ. वाळ्यांना घुंगरं किती, नक्षी किती, सांधे किती यावर ती ठरायची. आणि तोच दागिना दहा वर्षांनी मोडायला आणला, की घडणावळ गायब. वर सांध्याच्या भेसळीची घट वजा. हे सोनारदादांच्याच दुकानात नव्हे, सगळ्या पेठांत असंच होतं आणि आजही आहे. विकत घेताना जी गोष्ट मोजून घेतात, ती परत देताना धरतच नाहीत.

सोनारदादांचा हात सोन्यात चालायचा, पण माझ्या आठवणीत ते चांदीचंच काम करायचे. त्याचं कारण मला पुढे कळलं. १९६३ च्या जानेवारीत, चीनच्या युद्धानंतर, सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. आपल्याकडे बावीस कॅरेटची सवय. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात जेमतेम अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. असल्या सोन्याला कोण हात लावतो? देशभरातल्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. काहींनी जीवही दिला. पुढे ती अट ढिली झाली, पण १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच आला आणि तो १९९० पर्यंत टिकला. मोठ्या पेढ्या त्यातून तरल्या. खेड्यातला एकटा सोनार कुठून तरणार? चांदीवर बंदी नव्हती, म्हणून आमचे सोनारदादा वाळे, तोडे आणि जोडव्यांवर आले. सोन्याचा हात होता, तो त्यांनी बारीक पोरांच्या मनगट्यांवर चालवला. त्या दहा वर्षांत गावात जन्मलेल्या पोरांचे दागिने म्हणूनच फार देखणे होते, असं माझं मत आहे.

मग १९७२ आलं.

त्या दुष्काळावर पुष्कळ लिहून झालंय, मी सगळं उगाळत नाही. पाऊस आदल्या वर्षीही धड नव्हता, त्या वर्षी तर पडलाच नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातले जवळजवळ पन्नास लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. त्यात माझी आई एक, वडील एक. खडी फोडायची, ती डब्याने मोजून द्यायची. रेशनवर तांबडी मिलो मिळायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिवटपणा; थापतानाच चिरायची. कामावर सुकडी वाटत. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पिणारी. आई तिला बाभळीला झोळी बांधून त्यात ठेवायची आणि दगड फोडता फोडता एक डोळा झोळीकडे.

धाकटी माघातल्या रथसप्तमीची, १९७२ ची. जन्ममृत्यूच्या नोंदीचा नवा कायदा १९६९ साली झाला होता आणि आमच्या घरात खरी तारीख कागदावर चढलेलं हे पहिलं मूल. ग्रामसेवकाने वडिलांना दोनदा विचारून लिहून घेतलं होतं.

दिवाळीनंतर घरातली चांदी गेली. बैलजोडी जगवायची होती. बैल विकला तर पुढच्या पावसाला औत कशाने धरणार? आईचे तोडे, आजीचा करदोटा, माझे आणि मधल्या भावाचे वाळे-मनगट्या. आजीने सगळं धडप्यात बांधलं आणि मला बरोबर घेऊन सोनारदादांच्या ओट्यावर गेली. आमच्या आधी तिघीचौघी बसलेल्या होत्या. सोनारदादा एकेक दागिना हातात घेत आणि तो कुठल्या साली कुणासाठी केला ते त्यांना आठवे. कारण सगळे त्यांनीच केलेले. माझे वाळे त्यांनी बोटावर फिरवले, घुंगरू कानाशी नेऊन वाजवलं आणि तराजूत टाकलं.

आजी म्हणाली, "एवढी नक्षी काढली होती तुम्ही. तिचं काहीच नाही का?"

"मावशी, मोडीला घडणावळ नसती. मी तरी ती कुणाकडून घेऊ? उद्या ही सगळी मुशीत जायची, लगड होऊन नगरला जायची."

आजी काही बोलली नाही. पैसे पदराला बांधून उठली. मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या पायात ते वाळे कधीच येणार नव्हते. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

पौष निम्मा सरला तेव्हा आजीने विषय काढला, "धाकटीचं वरीस आलं."

आई वैतागली. "अंगावर गुंजभर चांदी नाही, घरात मिलोचं पीठ, आन् कसलं वरीस करता आत्याबाई? भावाचाही निरोप आलाय, औंदा काही जमत नाही म्हणून."

"पोर जगली का नाही? मग करायचं."

तिथे विषय संपला. आजी दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेली. उरलेला कडबा वडिलांनी मोजून ठेवला होता, रोज बैलाला किती पेंढ्या याचा हिशेब होता. आजीने त्यातली सात ताटं काढली. ती मालदांडीची होती. मालदांडी ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी, तिचं ताट उंच आणि सरळ. तोवर संकरित ज्वारी येऊन आठेक वर्षं झाली होती. तिचं ताट बुटकं, दाणा भरपूर. पण आजीच्या कामाची ती नव्हती.

ताटाची वरची कडक साल दातांनी सोलली की आतून भेंड निघतो. पांढरा, हलका, बोटाने दाबला तर दबणारा. ज्वारीच्या मुलखात वाढलेल्या कुठल्याही माणसाने लहानपणी त्याची बैलगाडी नाहीतर चश्मा केलेला असतो. सालीच्या कडा पात्यासारख्या असतात, ओठ कापतो. आजीला दात नव्हते. तिने विळ्यावर साल काढली आणि साल, पाचट, पेरं असं सगळं टोपलीत भरून बैलापुढे नेऊन टाकलं. सात ताटांतलं बैलाला नको असलेलं तेवढंच तिने ठेवलं. वडील दारात उभे होते. त्यांनी बघितलं आणि ते बोलले नाहीत.

भेंडाचे मणी करायला वडिलांचं दाढीचं जुनं ब्लेड घेतलं. विळ्याने भेंड चेपतो, ब्लेडने स्वच्छ कापला जातो. आधी गव्हाएवढे, मग हरभऱ्याएवढे, मधल्या पदकासाठी बोराएवढे. लहानमोठे वेगवेगळ्या वाट्यांत. रंगवायची एक युक्ती होती. भेंड पाणी आत ओढतो, बुडवला तर फुगतो आणि वाळल्यावर सुरकुततो. म्हणून रंग बोटाला लावायचा आणि मणी बोटांत नुसता फिरवायचा. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, चुलीच्या काजळीत तेलाचं बोट घालून काळा. मग सुपात पसरून सावलीत वाळवायचे, उन्हात नव्हे. हे काम चार दिवस चाललं आणि त्यातले दोन दिवस आमच्या हातून झालेले मणी आजीने सरळ चुलीत घातले. "पोरीच्या अंगावर चढायचंय, बुजगावण्याच्या नाही."

दोरा आला तो मिलोच्या पोत्याचा. पोत्याच्या तोंडाची शिवण पांढऱ्या सुताची असायची. ती नीट उसवली की लांबच लांब दोरा हाती यायचा. आजी तो तिपेडी वळायची, मांडीवर. वर मेणाचा हात. धाकटी झोपली की तिच्या मनगटाभोवती दोरा फिरवून, एक बोट आत जाईल एवढा सैल ठेवून माप घ्यायचं. गळ्याला दोन बोटं. पायाला दीड. मोजपट्टी नाही, आकडा नाही. आणि गाठ सरकती मारायची. दोन टोकं एकमेकांवर अशी गुंडाळायची की ओढलं तर सैल, सोडलं तर घट्ट. पोर वाढलं की दोरा वाढवता येतो आणि झोपेत कशात अडकला तर गळा आवळत नाही. ही दुसरी गोष्ट आजीने मला फक्त एकदाच सांगितली आणि सांगताना तिचा आवाज वेगळा झाला. मी पुढचं विचारलं नाही.

आमच्या शाळेच्या मास्तरांचं बिऱ्हाड पुण्याकडचं होतं. मास्तरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या मुद्दाम बघायला आल्या. त्या म्हणाल्या, "अहो आजी, आमच्याकडे लहान मुलाला संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीतरी हलव्याचे दागिने घालतात आणि डोक्यावरून बोरं ओततात. हिचा दिवस तर नेमका रथसप्तमीचाच!" आमच्यात बोरन्हाण नव्हतं. आजीला नावही ठाऊक नव्हतं. पण साखरेचा दागिना म्हटल्यावर तिचे डोळे चमकले.

हलवा कसा करतात ते मी त्यांच्या चुलीपाशी बसून पाहिलं. मुळाशी तीळ नाहीतर खसखस. पितळी परात निखाऱ्यांवर, तीही मंद. साखरेचा पाक चमच्या-चमच्याने टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे सतत हलवत राहायचं. पाक जास्त पडला तर दाणे चिकटून गोळा. आच जास्त झाली तर साखर पिवळी. सगळं जमलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दाण्याला काटा फुटतो, बारीक, पांढरा. त्याला थंडी लागते, म्हणून पहाटे उठून करायचं. बोटं भाजतात आणि थांबता येत नाही. तेव्हा रेशनची साखर किती मिळायची! मास्तरीणबाईंनी आपल्या वाट्यातली वाचवून वाटीभर हलवा केला होता आणि त्यातला ओंजळभर आजीच्या हातावर घातला. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून, त्यावर काळं चिंधूक शिवून, दोऱ्याच्या फासात एकेक दाणा कसा बसवायचा तेही दाखवलं. दाण्याला भोक पाडायचं नसतं, फुटतो. दोऱ्यानेच कवटाळायचा. आजीने पहिला दाणा बसवला आणि मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला शिकवायचं काय?"

या दोघींना मी शेजारी बसून काम करताना बघत होते. एक चुलीवरचा पाक सांभाळणारी, एक भेंड सोलणारी. जातीने वेगळ्या, बोलण्याने वेगळ्या. सोनार कारागीर म्हणून गावात ओळखला जातो, त्याच्या हाताची मजुरी ठरलेली असते. या दोघींच्या हाताला कारागिरी म्हणतात हे त्यांच्या स्वतःच्याही गावी नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "काही नाही, पोरीचं करतोय जरा."

सोनारदादा आले ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी. काही बोलणं नाही. खिशातून कागदाची पुडी काढली, त्यात तांब्याच्या तारेचे तुकडे होते. चांदीत मिसळायला ठेवलेलं तांबं. आता मिसळायला चांदीच नव्हती. आजीची बारीक दाभण मागून घेतली, तिच्यावर तार गुंडाळली, टोक ठोकून बसवलं आणि दाभण ओढून काढली. नळीसारखा मणी तयार. असे एकवीस केले, ओट्यावर बसल्या बसल्या. टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली. "पोराच्या अंगाला तांबं चांगलं," एवढंच म्हणाले. आजीने गुळाचा खडा आणि पाणी दिलं. एवढीच काय ती घडणावळ.

रथसप्तमीला धाकटीला न्हाऊ घातलं. तारखेने तिचा दिवस जानेवारीतच होऊन गेला होता. मधे अधिक महिना पडल्यामुळे तिथी फेब्रुवारीत गेली. आजी तिथीवाली, ग्रामसेवक तारखेचा. डोक्यावर भेंडाचा मुकुट, त्याच्या पुढच्या पट्टीवर हलव्याचे दाणे. मनगटांत पिवळ्या-तांबड्या मण्यांचे दोन पदर, कमरेला तीन पदरांचा पट्टा, पायात काळे-पांढरे वाळे. गळ्यात तांब्याची माळ, मधे हलव्याचं एक पदक. त्या सगळ्या दागिन्यांचं वजन दोन तोळे भरलं नसतं. रानात बोरी होत्या, त्यांना दुष्काळाची पर्वा नव्हती. तेवढी बोरं आणि मूठभर चुरमुरे आम्ही पोरांनी तिच्या डोक्यावरून ओतले. आईने ओवाळलं. ती त्या दिवशी खडीवर गेली नाही, एक दिवसाची मजुरी बुडवली. धाकटीने पहिल्यांदा पदक चाटलं, मग मुकुट ओढून तोंडात घातला. संध्याकाळपर्यंत हलवा संपला आणि सकाळी उरल्यासुरल्या दोऱ्याला मुंग्या लागल्या. भेंडाचे मणी आठवडाभर टिकले. तांब्याची माळ राहिली.

त्यानंतर गावातल्या बाया आजीकडे यायला लागल्या. वर्षभरात घराघरांतली चांदी गेली होती आणि पोरं तर जन्मतच होती. आजी ताटं आणायला सांगायची, साल त्यांच्याच जनावराला परत द्यायची आणि त्या बाईलाच बसवून करून घ्यायची. स्वतः फक्त माप आणि गाठ. पाऊसपाणी सुधारल्यावरही हे दहा-बारा वर्षं चाललं. मग बाजारात प्लॅस्टिकचे मणी आले, पाठोपाठ टिकल्यांचे तयार सेट आणि मग केक. त्याबद्दल मला राग नाही. बाईला दगड फोडून घरी आल्यावर भेंड कापत बसायला लागू नये, हेही खरंच आहे.

नेवासं आमच्यापासून लांब नाही. ज्ञानेश्वरीमुळे सगळा महाराष्ट्र ते ओळखतो. माझी बदली त्या बाजूला झाली, तेव्हा प्रवरेकाठच्या लाडमोडच्या टेकाडाबद्दल मी पहिल्यांदा नीट वाचलं. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी तिथे उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तिथे शेती करणारे लोक राहत होते. त्यांची मुलं गेली की ती गावाबाहेर पुरत नसत, घराच्याच जमिनीखाली पुरत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मूल. तसल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. आणि मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. सूत इतकी वर्षं मातीत टिकत नाही, पण तांब्याचा हिरवा गंज धाग्यात मुरला आणि त्याने तो राखला. तपासल्यावर निघालं, त्यात कापूस आहे आणि रेशीमही. घोड नदीकाठच्या चांडोलीलाही अशीच लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याची माळ मिळाली, तिचा धागा जवसाचा.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. कितीतरी वेळ मला तो मुलगा की मुलगी हाच प्रश्न पडला होता. वर्षाचं झालं असेल का? कुणी वळला असेल तो धागा? कापसात रेशीम घालून वळायचं म्हणजे काही घाईचं काम नव्हे. मांडीवर वळला असेल. इतिहासाच्या पुस्तकात ताम्रपाषाण युग म्हणून जो धडा आम्ही शिकवतो, त्यात हत्यारं असतात, मडकी असतात, धान्य असतं. त्या वर्षापासून मी वर्गात आधी ही माळ सांगायला लागले. पोरं इतकी गप्प बसत की फळ्यावरचा खडू ऐकू यायचा.

आजी १९८४ साली गेली. तिच्या हातचं आमच्याकडे राहिलेलं एवढंच, धाकटीची तांब्याची माळ. दोरा मी तीनदा बदलला, गाठ तिचीच मारते. धाकटी पुण्याजवळ चाकणला असते. गेल्या माघात तिच्या नातीचं वर्ष होतं. हॉल घेतला होता, फुगे होते. धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, ती माळ आण. आणि तिला एखादा फासा लावून घे, सून म्हणते गाठ टोचंल."

मी नगरला एका सराफाकडे गेले. तरुण पोरगा. त्याने माळ इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, आकडा बघितला, मग भिंग लावून मणी बघितले. म्हणाला, "मावशी, तांबं आहे हे. मोडीत काही येणार नाही."

"मोडायची नाही. फासा बसवून द्या."

त्याने गाठ सोडवायला घेतली. नखाने, मग चिमट्याने. सुटेना. सरकवली तर सरकायची, पण सुटेना. शेवटी त्याने ती तशीच ठेवली, दोन्ही बाजूंना बारीक कड्या अडकवल्या आणि मधे फासा बसवला. चाळीस रुपये झाले.

"कशाचे?" मी विचारलं.

"घडणावळ," तो म्हणाला.